खेड्यातील संमिश्र सौरवीज : पॅनेल, बॅटरी व वाहिनी यांचा मेळ

महाराष्ट्रात सूर्यप्रकाशाची वाण नाही. पावसाळ्याचे दिवस वगळले तर वर्षातील बहुतेक दिवस ऊन स्वच्छ पडते, आणि एक किलोवॅट क्षमतेच्या सौर पॅनेलपासून दिवसाकाठी सरासरी 4 युनिट वीज मिळते. त्यासाठी सुमारे 100 चौरस फूट जागा लागते. गेल्या काही वर्षांत गोठ्यांच्या व घरांच्या छपरांवर, दूध संस्थांच्या गच्चीवर आणि विहिरींच्या काठी अशी पॅनेले मोठ्या संख्येने बसलेली दिसतात. तथापि पॅनेल बसले म्हणजे विजेचा प्रश्न सुटला असे होत नाही. ऊन असते सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत. दूध येते पहाटे व सायंकाळी. दिवे लागतात रात्री. वाहिनीवरील वीज यांपैकी कोणत्या वेळी असेल व कोणत्या वेळी नसेल, हे गावोगाव निराळे असते. या वेळांचा मेळ बसविणे हेच संमिश्र सौरयोजनेचे मुख्य काम होय.

संमिश्र योजना म्हणजे ज्यात सौर पॅनेले, महावितरणची वाहिनी व बॅटरी ही तिन्ही एकाच इन्व्हर्टरला जोडलेली असतात अशी मांडणी. काही ठिकाणी चौथा जोडीदार म्हणून डिझेल जनरेटर असतो. या चौघांपैकी कोणाकडून किती काम घ्यावयाचे, याचा विचार खरेदीपूर्वी झाला नाही तर पैसा अधिक जातो आणि अडचणीच्या वेळी वीज मिळत नाही ती नाहीच.

वाहिनी बंद झाली की पॅनेलही बंद

सर्वांत अधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. छपरावर पॅनेले आहेत, दुपारचे लख्ख ऊन आहे, आणि तरीही वाहिनीवरील वीज जाताच घरात पंखा बंद पडतो. मालक यंत्र बिघडले असे समजून पुरवठादारास बोलावतो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. बॅटरीवाचून नुसत्या वाहिनीस जोडलेला इन्व्हर्टर हा वाहिनीच्या विजेकडे पाहून चालतो. ती नाहीशी होताच त्याने क्षणार्धात थांबावे अशीच त्याची रचना असते, आणि नियमही तसाच आहे. कारण उघड आहे. वीज बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढलेला असताना एखाद्या छपरावरील पॅनेलमधून तारेत वीज शिरली, तर त्याच्या प्राणावर बेतेल.

म्हणून नुसती पॅनेले बसविण्याने वीजबिल कमी होते, वीज जाण्याची अडचण दूर होत नाही. ही दोन कामे वेगवेगळी आहेत, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस प्रथमच स्पष्ट सांगावे. ज्या गावात वीज क्वचितच जाते तेथे साध्या वाहिनीजोड पॅनेलांवर भागते व तीच स्वस्त पडतात. जेथे सायंकाळी दोन-तीन तास वीज हमखास जाते तेथे बॅटरीसह संमिश्र योजना करावी लागते.

शेतीच्या फीडरवर असलेल्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुष्कळ भागांत या फीडरना आलटून पालटून एक पाळी दिवसाची व एक पाळी रात्रीची वीज मिळत आली आहे. ज्या आठवड्यात पाळी रात्रीची, त्या आठवड्यात दिवसा वाहिनी मृत असते. अशा वाहिनीस जोडलेली बॅटरीविना पॅनेले भर उन्हात निष्क्रिय राहतात व त्या आठवड्याचे सारे उत्पादन वाया जाते. तेव्हा आपला फीडर गावठाणाचा की शेतीचा, आणि त्यावर दिवसा वीज असते काय, याची खात्री केल्याखेरीज वाहिनीजोड योजनेचा अर्ज करू नये. राज्यात 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू झाली व 2023 साली तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसाच वीज द्यावी, असा तिचा उद्देश आहे. जेथे ही सोय पोहोचली आहे तेथे वरील अडचण उरत नाही, व रात्रीच्या अंधारात पाणी धरण्याचा धोकाही टळतो.

प्रथम वही, मग खरेदी

पुरवठादाराला विचारण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. तीत वीज केव्हा गेली व केव्हा आली, त्या वेळी कोणते काम चालू होते, आणि सकाळी व सायंकाळी मीटरवर कोणता आकडा होता, एवढेच लिहावे. संस्थेच्या सचिवास अथवा घरातील शाळकरी मुलास हे काम सहज करता येते. अशी वही नसली म्हणजे योजनेचा आकार विक्रेत्याच्या सोयीने ठरतो. आणि विक्रेत्याची सोय बहुधा मोठ्या बॅटरीत असते.

वहीवरून तीन गोष्टी कळतात. दिवसाला एकूण किती युनिटे लागतात, त्यांपैकी ऊन असताना किती लागतात, आणि वीज गेल्यावर खरोखर अडून बसणारे काम कोणते. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. कडबाकुट्टी दोन तास उशिरा झाली तरी जनावरांचे फारसे बिघडत नाही. पिठाची गिरणी थांबली तर गिऱ्हाईक उद्या येते. उन्हाळ्यात दूध थंड होण्यास उशीर झाला तर मात्र ते आंबते, मुख्य केंद्रावर नाकारले जाते आणि त्या दिवसाची सभासदांची कमाई गटारात ओतावी लागते.

काम उन्हाच्या वेळी आणावे

बॅटरीत वीज साठविणे हा साठवणीचा एक प्रकार झाला. खेड्यात याहून स्वस्त असे प्रकार पूर्वीपासून आहेत. पाणी वर चढवून टाकीत ठेवले म्हणजे ती वीजच साठविली जाते. एकूण 30 मीटर उंचीवर पाणी चढवावयाचे असल्यास चांगल्या स्थितीतील पंप एका युनिटात सुमारे 5,000 लिटर पाणी देतो. म्हणजे 20,000 लिटरची टाकी दुपारी भरून ठेवली की 4 युनिटांचे काम साठले. साधारण प्रचारातील 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत नावाला 1.8 युनिट मावतात; पण ती निम्म्याखाली उतरवू नये असा दंडक असल्याने हाती येते ते 0.9 युनिट. तेव्हा ती एक टाकी अशा चार-पाच बॅटऱ्यांचे काम करते. टाकी वीस वर्षे टिकते, बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत बदलाव्या लागतात.

हाच विचार इतर कामांस लावावा. कडबाकुट्टी, भरडणी, गोठा धुण्याचे पाणी ओढणे, सरकी-पेंड दळणे ही सर्व कामे सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान करण्याची सवय लावली तर त्यांस बॅटरी मुळीच लागत नाही. सवय बदलण्यास पैसा पडत नाही; मात्र घरातील माणसांच्या कामाच्या वेळा बदलतात, आणि हा बदल बहुतेक वेळा स्त्रियांच्या वाट्यास येतो, म्हणून त्यांच्याशी विचारविनिमय करूनच वेळापत्रक ठरवावे. दुपारी शेतावर गेलेल्या बाईने त्याच वेळी कुट्टीही करावी असे कागदावर लिहून चालत नाही.

दूध संकलन केंद्राचे उदाहरण

ज्याचे काम दिवसा आणता येत नाही असे ठिकाण म्हणजे दूध संकलन केंद्र. उदाहरणादाखल रोज 500 लिटर दूध जमा होणारे केंद्र घेऊ. त्यांपैकी 300 लिटर सकाळी व 200 लिटर सायंकाळी येते. धारेचे दूध 35 अंशांच्या आसपास असते. ते 4 अंशांपर्यंत उतरवावयाचे आहे. शीतकरण टाकीचा कॉम्प्रेसर थेट दूध थंड करू लागला तर दोन्ही वेळा मिळून सुमारे 7 युनिटे लागतील. ही वीज नेमकी सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी पाच ते आठ या वेळात लागते, म्हणजे ऊन नसताना. आणि सायंकाळी तर वीज जाण्याचीही वेळ तीच.

विक्रेता येथे मोठी बॅटरी सुचवितो. बॅटरी बसविता येते हे खरे. परंतु त्यापूर्वी बर्फाचा विचार करावा. पाण्याचा बर्फ करून ठेवणाऱ्या, चांगल्या आवरणाच्या टाक्या दुग्धव्यवसायात जुन्याच आहेत. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो तेवढ्यात सुमारे अडीच लिटर दूध धारेच्या तापमानापासून 4 अंशांपर्यंत थंड होते. म्हणजे 500 लिटर दुधास सुमारे 200 किलो बर्फ पुरेसा होतो. हा बर्फ दुपारच्या उन्हात करून ठेवावा. सायंकाळचे दूध त्यातील काही भागावर थंड होते, उरलेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळचे. बर्फ करण्यासाठी कॉम्प्रेसरला अधिक खालच्या तापमानास काम करावे लागते, त्यामुळे 7 युनिटांऐवजी सुमारे 9 युनिटे खर्च होतात. ही दोन युनिटांची तूट दिसते खरी. पण उन्हातील दोन युनिटे ही अर्ध्या किलोवॅट पॅनेलाची एका दिवसाची मिळकत आहे, आणि त्या मोबदल्यात बॅटरीचा मोठा खर्च वाचतो.

आता हिशेब पाहा. बर्फासाठी 9 युनिटे. वजनकाटा, फॅट काढण्याचे यंत्र, संगणक, दिवे, थंड पाणी फिरविणारा लहान पंप व दूध ढवळणारी मोटर यांचा एकत्रित भार 600 वॅट धरल्यास दोन्ही वेळचे मिळून 3 युनिटे. टाकी व कॅन धुण्याच्या पाण्यासाठी अर्धे युनिट. धुण्यास गरम पाणी लागते, त्यासाठी विजेचा हीटर न वापरता सौर बंब बसवावा. विजेने पाणी तापविणे ही उधळपट्टी आहे. एकूण साडेबारा युनिटे झाली. दर किलोवॅटास 4 युनिटे या प्रमाणाने 3 किलोवॅटची पॅनेले 12 युनिटे देतात, आणि उरलेले अर्धे युनिट वाहिनीवरून येते.

वीज गेल्यावर अडणारे काम कोणते उरले? बर्फ तयार आहे, तेव्हा कॉम्प्रेसर चालू नसला तरी चालते. काटा, फॅटयंत्र, दिवे आणि थंड पाणी फिरविणारा पंप एवढेच चालले पाहिजे. तीन तास वीज गेली तर 600 वॅटच्या हिशेबाने सुमारे 2 युनिटे लागतील. तेवढी वापरण्याजोगी साठवण असलेली बॅटरी पुरेशी होते : शिसे-आम्लाच्या 150 अँपिअर-तासांच्या चार, किंवा अडीच युनिटांची एक लिथियम. बर्फाची टाकी नसती तर सकाळच्या 300 लिटर दुधाकरिताच आणखी 4 युनिटे साठवावी लागली असती, म्हणजे बॅटरी तिप्पट झाली असती. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका सोसेल असा मोठा इन्व्हर्टरही घ्यावा लागला असता.

या मांडणीचा आणखी एक गुण असा की बर्फाला वेळेची घाई नसते. दुपारी वाहिनी तासभर बंद राहिली तर बर्फ तासभर उशिरा होतो. पावसाळ्यात पॅनेलांचे उत्पादन निम्म्यावर येते, कोकणात व घाटमाथ्यावर त्याहूनही खाली. तेव्हा रात्री वाहिनीवर वीज असेल त्या वेळी बर्फ करून घ्यावा. पावसाळ्यातही संपूर्ण वीज सूर्यापासूनच मिळावी म्हणून दुप्पट पॅनेले बसविण्याचा आग्रह काही ठिकाणी दिसतो; तो योग्य नाही. उरलेले आठ महिने ती अर्धी पॅनेले कामाविना राहतात. कोरड्या ऋतूतील दिवसाची गरज भागेल एवढी पॅनेले घ्यावीत आणि पावसाळ्याचा भार वाहिनीवर सोपवावा. वाहिनीस जोडून घेण्याचा फायदा हाच.

बॅटरीविषयी

बॅटरी हा या योजनेतील सर्वांत नाजूक व सर्वांत लवकर संपणारा भाग आहे. बिहारच्या जेहानाबाद जिल्ह्यातील धरणई गावाची हकीकत या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे 2014 साली 100 किलोवॅटची सौर योजना मोठ्या उत्साहाने उभी राहिली. ती वाहिनीस जोडलेली नव्हती. रात्रीचा सारा भार बॅटऱ्यांवर होता. पुढे गावात वाहिनीची वीज आली, ती सौरविजेपेक्षा स्वस्त होती, आणि काही वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या. त्या बदलण्याइतका पैसा योजनेपाशी उरला नव्हता, व योजना बंद पडली. पॅनेले मात्र तोवर वीज देण्याजोगीच होती. दर तीन-पाच वर्षांनी बॅटरी बदलण्याची रक्कम पहिल्या महिन्यापासून निराळी काढून न ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेवर हाच प्रसंग येईल.

शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असते. पण तीत घातलेल्या शंभर युनिटांपैकी वीस ते पंचवीस वाया जातात. लिथियम बॅटरीत ही तूट पाच ते दहाच्या घरात असते, ती अधिक खोलवर उतरविता येते व कित्येक हजार वेळा भरता येते. पहिला खर्च जास्त असला तरी रोज वापरावयाची असल्यास दीर्घ मुदतीत तीच परवडते. बॅटरी फक्त वीज गेल्यावरच लागणार असेल तर शिसे-आम्लाची घेण्यास हरकत नाही. कोणतीही घेतली तरी उष्णतेपासून जपली पाहिजे. शिसे-आम्लाची बॅटरी 25 अंशांपेक्षा दहा अंश अधिक उष्ण जागी सतत राहिल्यास तिचे आयुष्य निम्मे होते. पत्र्याच्या छपराखालची तापलेली कोठडी म्हणूनच तिला वर्ज्य. भरताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, तेव्हा खोलीस झरोके असावेत व तेथे विडी ओढू नये.

संमिश्र इन्व्हर्टरमध्ये कोणत्या विजेचा प्रथम उपयोग करावयाचा हे ठरविण्याची सोय असते. पुष्कळ ठिकाणी बसविणारा मनुष्य ‘प्रथम सूर्य, मग बॅटरी, मग वाहिनी’ असा क्रम लावून जातो. त्यामुळे रोज रात्री वाहिनी चालू असतानाही बॅटरी उतरते, आणि पहाटे वीज गेली की ती रिकामी सापडते. जेथे वीज जाण्याचीच मुख्य अडचण आहे तेथे ‘सूर्य, वाहिनी, बॅटरी’ हाच क्रम ठेवावा, म्हणजे बॅटरी नेहमी भरलेली व राखीव राहते. हा बदल करण्यास एक पैसाही लागत नाही, आणि तरीही तो बहुतेक ठिकाणी झालेला नसतो.

मोटर, जनरेटर व कमी दाब

मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. 3 अश्वशक्तीची मोटर चालताना सव्वादोन किलोवॅटच्या आसपास घेते, म्हणून 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर तिला पुरेल असा हिशेब केला जातो, आणि मोटरचे बटण दाबताच इन्व्हर्टर बंद पडतो. अशी मोटर इन्व्हर्टरवर चालवावयाचीच असेल तर सावकाश सुरुवात देणारा स्टार्टर किंवा वेग हळूहळू वाढविणारा नियंत्रक बसवावा. त्याची किंमत मोठ्या इन्व्हर्टरच्या मानाने थोडी असते.

जनरेटर असल्यास तो विकून टाकण्याची घाई करू नये, पण त्यावर दिवेही लावू नयेत. लहान जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये फार तर 3 युनिटे देतो. डिझेलचा भाव 90 रुपये धरला तर एक युनिट 30 रुपयांस पडते. थोड्या भारावर तो आणखीच महाग पडतो व इंजिनात काजळी धरते. लांबलेल्या बंदीच्या वेळी, पुरेसा भार देऊन, तो तास-दीड तास चालवावा. जनरेटर चालू असताना पॅनेलांची वीज भारापेक्षा अधिक झाली तर ती उलट जनरेटरमध्ये शिरू पाहते. तेव्हा दोन्ही एकत्र चालवावयाचे असल्यास मधे नियंत्रक असावा. नसेल तर पॅनेलांची कळ बंद करून मगच जनरेटर सुरू करावा.

फीडरच्या शेवटच्या टोकावरील वस्त्यांत वेगळीच तक्रार असते. वीज असते, पण दाब इतका कमी की इन्व्हर्टर वाहिनी बंद आहे असे समजून तुटतो. काही ठिकाणी याच्या उलट, भर दुपारी गावात वापर नसतो व एकाच ट्रान्स्फॉर्मरवर पुष्कळ पॅनेले असतात. तेव्हा दाब वाढून इन्व्हर्टर तुटतात व ऐन उन्हाचे उत्पादन बुडते. दोन्ही वेळी दोष पॅनेलांचा नसतो. दिवसातून तीन-चार वेळा दाब मोजून वहीत लिहावा व ती नोंद घेऊन उपविभागीय कार्यालयात जावे. ढिली न्यूट्रल तार, लांब पडलेली सर्व्हिस वायर, ट्रान्स्फॉर्मरची टॅप यांपैकी काहीतरी कारण बहुधा सापडते. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा लिखित आकड्यांकडे लवकर लक्ष दिले जाते.

पॅनेलांबाबत फार सांगावयास नको. तोंड दक्षिणेकडे असावे, उतार आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे राज्यात 16 ते 22 अंशांच्या दरम्यान ठेवावा. नारळाची, शेवग्याची किंवा डिश अँटेनाची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या रांगेतील साऱ्यांचे उत्पादन घटते. उन्हाळ्यात पॅनेल 60 अंशांच्या वर तापते व उत्पादन सुमारे एक सप्तमांशाने कमी होते, म्हणून पत्र्याला चिकटवून न बसविता खाली हवा खेळेल असे अंतर सोडावे. धूळ आठवड्या-पंधरवड्याने, पहाटे किंवा सायंकाळी, मऊ कापडाने व गोड्या पाण्याने काढावी. तापलेल्या काचेवर विहिरीचे गार पाणी मारू नये.

पैशाचा फायदा कोणास

शेतीपंपाच्या बाबतीत महाराष्ट्रातील परिस्थिती 2024 पासून बदललेली आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य शासनाने मोफत वीज देऊ केली आहे. ज्यास पंपाचे बिलच येत नाही, त्यास त्या जोडणीवर स्वतःच्या पैशाने पॅनेले बसवून बिलात बचत होणार नाही, ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. घर, गोठा, गिरणी, दूध संस्था यांच्या जोडण्यांवर मात्र बचत खरी आहे. घरगुती जोडणीकरिता 2024 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटास 30,000, 2 किलोवॅटास 60,000 व 3 किंवा अधिक किलोवॅटास 78,000 रुपये केंद्राचे अनुदान ठेवलेले आहे. हे अनुदान घरांसाठी आहे, दूध संस्थेच्या इमारतीसाठी नाही.

ज्यांच्याकडे पंपाची जोडणीच नाही त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ योजना आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरावयाचे असतात. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 व त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. हे पंप वाहिनीस जोडलेले नसतात. त्यामुळे पाणी द्यावयाचे नसेल त्या दिवशी, म्हणजे वर्षातील पुष्कळसे दिवस, 5 अश्वशक्तीच्या पंपाची जवळजवळ 5 किलोवॅटची पॅनेले नुसती तापत राहतात. सर्वोपयोगी नियंत्रक असल्यास त्यांवर कडबाकुट्टी किंवा गिरणी चालविता येते. अर्ज करतानाच याची चौकशी करावी.

हीच वाया जाणारी वीज वाहिनीला विकता आली तर काय होते, याचा एक नमुना गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात पाहावयास मिळतो. तेथील सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापन केली. पूर्वी ते डिझेल इंजिनांवर पाणी उपसत. त्यांचे सौरपंप एकत्र करून एका मीटरद्वारे वाहिनीस जोडण्यात आले, आणि 2016 साली वीज कंपनीने त्यांची शिल्लक वीज युनिटास 4 रुपये 63 पैसे या दराने 25 वर्षे घेण्याचा करार केला. एकेका शेतकऱ्याचा निराळा मीटर व निराळा हिशेब ठेवण्याऐवजी मंडळीशी एकच व्यवहार, ही कंपनीची सोय झाली. शेतकऱ्यापुढे आता रोज एक प्रश्न उभा राहतो : हे युनिट पाणी उपसण्यात घालावे की विकावे? वीज फुकट आणि विकण्यास मार्ग नाही अशा स्थितीत पंप गरजेपेक्षा अधिक वेळ चालतो, हा अनुभव आपल्याकडच्या ऊस व केळीच्या पट्ट्यांत नवा नाही. युनिटास भाव मिळाला की शेतकरी पाणीही मोजून देऊ लागतो. भूजल खोल गेलेल्या तालुक्यांत हा लाभ विजेच्या पैशापेक्षा मोठा ठरण्याजोगा आहे. अशी मंडळी आपल्याकडे उभी करावयाची तर भाव, मुदत व मीटरवाचन या तिन्ही बाबी करारात स्पष्ट लिहून घेतल्याखेरीज कोणीही पैसे गुंतवू नयेत. शिल्लक विजेच्या वजावटीचे नियमही वेळोवेळी बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम महावितरणच्या कार्यालयातून लेखी घ्यावा.

योजना ताब्यात घेताना

बसविणारा निघून जाण्यापूर्वी ग्रामस्तर कार्यकर्त्याने मालकासमक्ष एक चाचणी करून घ्यावी. भर दुपारी, सर्व नेहमीची कामे चालू असताना, मुख्य कळ बंद करावी. राखीव बाजूचे दिवे, काटा व पंप चालू राहिले पाहिजेत, आणि बाकीचे बंद झाले पाहिजेत. अर्ध्या तासानंतर बॅटरी किती उतरली ते पाहावे. मग कळ पुन्हा लावून वाहिनी किती वेळात स्वीकारली जाते ते घड्याळात पाहावे. हीच चाचणी सूर्यास्तानंतर दुसऱ्यांदा करावी, कारण तेव्हा पॅनेलांचा आधार नसतो व बॅटरीची खरी ताकद समजते. अर्थिंगचे खड्डे निराळे आहेत काय, आकाशातील विजेपासून संरक्षण देणारी पेटी बसविली आहे काय, आणि पॅनेलांकडून येणारी तार बंद करण्याची कळ जमिनीवरून हाताला येते काय, हे समक्ष पाहून घ्यावे. इन्व्हर्टरवरील क्रम कोणता लावला आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, आणि त्याखाली बसविणाऱ्याची सही घ्यावी. या सर्व गोष्टी पुऱ्या झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.